वाचकांचे प्रश्न: इंग्लंडच्या जुन्या इस्टेटींमधल्या बागा

इंग्लंडमधल्या जुन्या कंट्री हाउसच्या बागांवर मागच्या अंकात लेख आला, त्यावर बरीच पत्रं आली. ‘हे बांधलं कसं?’ किंवा ‘हे बिघडतं का?’ असं विचारणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बांधकाम, पाणी आणि झाडं यांतल्या जाणकारांनी उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: लेखातल्या छायाचित्रात हवेलीसमोरची हिरवळ थेट चरणाऱ्या गाईंपर्यंत गेलेली दिसते. मध्ये कुंपणच नाही. मग गाई बागेत शिरत कशा नाहीत?

मध्ये खंदक आहे. तो घराकडून दिसू नये अशाच बेताने खणलेला असतो. त्याला ‘हा-हा’ म्हणतात. त्याचा छेद समजला की सगळा खेळ कळतो. घराच्या बाजूला जमिनीच्या पातळीपासून सरळ खाली उतरणारी भिंत असते, साधारण सव्वा ते पावणेदोन मीटर उंच. तिच्या पायथ्यापासून कुरणाच्या दिशेने गवताचा सौम्य उतार वर चढत जातो. घरातून पाहणाऱ्याला भिंतीचा माथा आणि पलीकडची जमीन एकाच पातळीत दिसते, त्यामुळे खंदक नजरेत येत नाही. उतार उतरून आलेल्या गाईला मात्र समोर उभी भिंत लागते. हरणं पाळलेली असतील तर भिंत आणखी उंच लागते.

ही कल्पना फ्रान्समधून आली. देझालिए दार्जांव्हिल याच्या १७०९ सालच्या बागकामाच्या पुस्तकात तिचं वर्णन आहे आणि १७१२ साली ते इंग्रजीत आलं. इंग्लंडमध्ये ती रुळवली बागांचा रचनाकार चार्ल्स ब्रिजमन याने. स्टो इथल्या बागेत त्याने ती मोठ्या प्रमाणावर वापरली.

भिंत पडते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. तिच्यामागे मातीचा भराव असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं, बाहेर पडायला वाट मिळाली नाही की साचतं आणि भिंतीला ढकलतं. पहिली खूण म्हणजे खालच्या तिसऱ्या भागात आलेला फुगवटा. जुन्या भिंतींना पायथ्याशी पाणी जायला भोकं ठेवलेली असतात. खंदकात गाळ आणि पालापाचोळा साठला की ती बुजतात, आणि पुढच्या हिवाळ्यात मागचं ओलं गोठून फुगतं. म्हणून दर शरद ऋतूत खंदकाचा तळ साफ करणं हीच खरी देखभाल. हल्ली एक नवं कारण जोडीला आलंय. गवत कापायचं जड यंत्र थेट काठावरून फिरवतात. त्याचा भार भरावातून भिंतीवर येतो. काठापासून दीड-दोन मीटरपर्यंतचं गवत हातयंत्रानेच कापावं.

फुगलेली भिंत दुरुस्त करायची तर दोन-तीन मीटरचाच तुकडा एका वेळी उतरवतात. जास्त उघडलं तर मागचा भराव खाली येतो. दगडांवर खडूने क्रमांक घालून, फोटो काढून मग ते सोडवतात. परत बांधताना भिंत किंचित मागे, भरावाच्या बाजूला झुकलेली ठेवतात. तिच्यामागे सुमारे ३० सेंमी जाडीचा खडीचा थर भरतात आणि दर दीड-दोन मीटरवर पाण्याला वाट ठेवतात. सिमेंट वापरू नये. त्याचं कारण पुढे फॉलीच्या, म्हणजे मुद्दाम पडक्या बांधलेल्या किल्ल्याच्या, उत्तरात आहे.

एक सावधगिरीची गोष्ट. हा-हा दिसू नये म्हणूनच केलेला असतो, त्यामुळे संध्याकाळच्या वेळी माणसंही त्यात पडतात.

प्रश्न: चॅट्सवर्थचं कारंजं पंपाशिवाय ९० मीटर उडतं असं वाचलं. हे खरंच शक्य आहे का?

शक्य आहे, आणि १८४४ पासून ते चालूही आहे. डर्बीशरमधल्या या इस्टेटीत सहाव्या ड्यूक ऑफ डेव्हनशरसाठी जोसेफ पॅक्स्टन याने ते बांधलं. रशियाचा झार पहिला निकोलस भेटीला येणार अशी अपेक्षा होती, म्हणून काम घाईने, रात्री दिवे लावून सहा महिन्यांत उरकलं. झार काही तिथे आलाच नाही. कारंज्याला ‘एम्परर’ हे नाव मात्र राहून गेलं.

बागेमागच्या पठारावर ८ एकरांचं तळं खणलं, ते कारंज्यापेक्षा सुमारे १०७ मीटर उंचावर आहे. तिथून लोखंडी नळ खाली आणला. त्या उंचीमुळे तळाशी जवळजवळ साडेदहा बार दाब मिळतो. तोंडातून पाणी सेकंदाला ४५ मीटरच्या आसपास वेगाने सुटू शकतं. नळात घर्षण नसतं आणि वर हवा नसती तर धार पुन्हा तळ्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे १०७ मीटर गेली असती. नोंदलेली उंची २९६ फूट, म्हणजे ९० मीटर आहे. इतक्या कमी घटीत हे जमवणं हेच पॅक्स्टनचं कसब.

घट कमी राहण्याची दोन कारणं. पहिलं, रुंद नळ. तेवढंच पाणी न्यायचं असेल तर नळाचा व्यास दुप्पट केल्यावर घर्षणात वाया जाणारा दाब सुमारे बत्तिसाव्या हिश्श्यावर येतो. दुसरं, तोंड. धार आत फिरत किंवा हवा घेऊन बाहेर पडली तर काही मीटरवरच तिचे तुषार होतात आणि तुषार उंच जात नाहीत. त्यामुळे तोंडाच्या आधीचा नळ सरळ असावा लागतो, आतून तोंड गुळगुळीत लागतं, आणि तळ्याच्या मुखावर जाळी लागते. एक पान अडकलं तरी धार एका बाजूला फाटते.

झडप सावकाश उघडायची आणि त्याहून सावकाश बंद करायची. नळात पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने जात असताना झडप एकदम मिटली, तर क्षणभर १०० मीटरहून जास्त उंचीच्या पाण्याइतका जादा दाब येतो. जुन्या ओतीव लोखंडाच्या नळाचा सांधा त्यात फुटतो. भर वाऱ्याच्या दिवशी कारंजं कमी उंचीवर ठेवणं शहाणपणाचं, नाहीतर पाणी कुंडाबाहेर पडतं आणि तळं विनाकारण रिकामं होतं. त्याच पाण्यावर १८९३ पासून टर्बाइन फिरवून हवेलीसाठी वीजही तयार केली जात असे.

चॅट्सवर्थचीच २४ पायऱ्यांची कॅस्केड, म्हणजे पायऱ्यांवरून उतरणारा धबधबा, याहून जुनी आहे, सतराव्या शतकाच्या शेवटची. तिच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. लांबी-रुंदी बदलत जाते, त्यामुळे पडणाऱ्या पाण्याचा आवाजही प्रत्येक पायरीवर वेगळा येतो. दुरुस्ती करताना ‘सरळ करून टाकू’ असं कुणी म्हणालं तर ते त्याला करू देऊ नये!

प्रश्न: बागेत पगार देऊन संन्यासी ठेवत असत, हे खरं का?

काही इस्टेटींत खरं. सरेमधल्या पेन्सहिलच्या मालकाने, चार्ल्स हॅमिल्टनने, सात वर्षं राहिल्यास ७०० पौंड देऊ केले होते. अटी अशा, की केस-नखं कापायची नाहीत आणि कुणाशी बोलायचं नाही. नेमलेला माणूस तीन आठवड्यांत दारूच्या गुत्त्यात सापडला, असं सांगतात. पर्णकुटीची जागा तिथे आजही दाखवतात.

प्रश्न: ऑक्सफर्डशरमधल्या ब्लेनहाइम हवेलीचं तळं नदीसारखं वळत जातं, पण ते मानवनिर्मित असल्याचं लेखात म्हटलंय. पाणी टिकतं कसं? आणि पुलाच्या खिडक्या पाण्यात का आहेत?

खिडक्यांचं आधी. व्हॅनब्रा या वास्तुकाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो अवाढव्य पूल बांधला, तेव्हा खाली ग्लाइम नावाची लहानशी नदी होती. एवढ्याशा पाण्यावर एवढा पूल, म्हणून लोक हसत. पुलाच्या पोटात तिसाहून जास्त खोल्या होत्या. १७६४ पासून बागांचा रचनाकार लॅन्सलॉट ‘केपेबिलिटी’ ब्राउन याने खालच्या अंगाला बांध घालून नदी अडवली. पाणी चढलं आणि खालच्या खोल्या बुडाल्या. पूल मात्र पाण्याच्या मापाचा वाटू लागला.

ब्राउनची युक्ती टोकं लपवण्याची होती. तळ्याचा शेवट दिसला की ते तळं वाटतं, न दिसला की नदी वाटते. बांधाच्या बाजूला पाणी वळवून झाडीआड नेतात, सांडव्याचं पाणी खडकांवरून धबधब्यासारखं उतरवतात. लंडनच्या केनवुडमध्ये तर तळ्याच्या टोकाला पुलाचा फक्त पांढरा लाकडी दर्शनी भाग उभा आहे. त्याच्यामागून कुठली वाट जात नाही.

पाणी टिकतं तुडवलेल्या चिकणमातीमुळे. आधी गवत, मुळं आणि काळी माती पूर्ण काढायची. मग चिकणमाती पाणी घालून कणकेसारखी तिंबायची, १५ ते २० सेंमीचे थर देत प्रत्येक थर खालच्यात मिसळेपर्यंत तुडवायचा. माणसं बूट घालून तुडवत, काही ठिकाणी गुरं-मेंढ्याही फिरवत. एकूण जाडी ६० ते ९० सेंमी. एक थर सुकल्यावर दुसरा टाकला तर मधल्या सांध्यातून पाणी सरकतं.

अशा तळ्याचं नुकसान बहुतेकदा दुरुस्ती करणारेच करतात. गाळ काढायला तळं रिकामं करतात, उन्हाळाभर तसंच ठेवतात, चिकणमाती सुकून भेगाळते आणि परत भरल्यावर गळते. गाळ काढणाऱ्या यंत्राच्या बादलीनेही तळाची माती खरवडली जाते. म्हणून आधी जागोजागी गज खुपसून गाळ कुठे संपतो आणि चिकणमाती कुठे सुरू होते ते मोजायचं. पाणी उतरवलंच तर तळ ओला ठेवायचा.

बांधावर मोठी झाडं वाढू देऊ नयेत. झाड मेलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयती वाट होते. वादळात झाड उन्मळलं तर बांधाचा तुकडाच घेऊन जातं. भोवतालच्या जमिनीपेक्षा वर २५,००० घनमीटरहून जास्त पाणी धरलेलं असेल, तर इंग्लंडमध्ये त्या शोभेच्या तळ्यालाही १९७५ चा जलाशय कायदा लागू होतो. त्यातही तळं जास्त धोक्याचं ठरवलेलं असेल तर देखरेखीला नेमलेला अभियंता आणि निदान दहा वर्षांतून एकदा स्वतंत्र तपासणी, हे दोन्ही आलं.

प्रश्न: फॉली म्हणजे मुद्दाम बांधलेला पडका किल्ला. तो मुळातच पडका, मग त्याची दुरुस्ती कसली? आणि सिमेंटने केली तर बिघडलं काय?

पडका दिसणं वेगळं आणि पडणं वेगळं. वर्स्टरशरमधल्या हॅगलीचा पडका किल्ला सँडरसन मिलरने १७४०च्या दशकात उभा केला. केंब्रिजशरमधल्या विंपोलसाठीही आराखडा त्याचाच, बांधकाम मात्र पुढे ब्राउनच्या देखरेखीखाली झालं. भिंतीचा माथा कुठे तुटलेला असावा, कमानीचा कुठला अर्धा गळालेला असावा, हे सगळं ठरवून केलेलं आहे. तेवढंच तुटलेलं ठेवणं हे दुरुस्तीचं काम.

या इमारतींना छप्पर नसतं. साध्या घरात भिंतीला वरून पाऊस लागत नाही. इथे माथा उघडाच असतो, वर आतला भाग बहुतेक वेळा नुसत्या फोडलेल्या दगडांचा आणि चुन्याचा. पाणी माथ्यावरून थेट पोटात उतरतं.

आता सिमेंट. चुन्याची दरज सच्छिद्र असते. भिंतीत शिरलेलं पाणी दरजेतून बाहेर वाळतं, आणि काही खराब व्हायचंच तर दरज होते, जी पुन्हा भरता येते. सिमेंटची दरज घट्ट असते आणि दगडापेक्षा कठीणही. पाणी मग दगडाच्या तोंडातून बाहेर पडायला बघतं. क्षार तिथेच साठतात, हिवाळ्यात ओल तिथेच गोठते, आणि दगडाचा दर्शनी पापुद्रा सुटून येतो. काही दशकांनी पाहावं तर सिमेंटच्या रेषा जाळीसारख्या पुढे आलेल्या आणि दगड मागे झिजलेला. वाळूचा दगड किंवा मऊ चुनखडी असेल तर हे फार लवकर होतं.

दरजा भरायची पद्धत अशी. जुना सैल माल छिन्नी-हातोडीने काढायचा, ग्राइंडरने नाही. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो आणि त्या परत येत नाहीत. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी. धूळ झाडून आतला भाग पाण्याने भिजवायचा. कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि माल पावडर होऊन गळतो. मऊ ते मध्यम दगडाला एनएचएल ३.५ जातीचा नैसर्गिक हायड्रॉलिक (ओलीतही घट्ट होणारा) चुना एक भाग आणि धारदार, भरड-बारीक मिसळ वाळू अडीच ते तीन भाग, हे मापाने, वजनाने नाही. माल जाडसरच ठेवायचा आणि आत दाबून भरायचा. घट्ट होऊ लागला की ताठ ब्रशने ठोकायचा, म्हणजे वरची साय जाते आणि सच्छिद्र पृष्ठ उघडं होतं. मग ओलं गोणपाट निदान आठवडाभर. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम काढूच नये. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर संपल्यावर चुन्याला हात लावणारा गवंडी एक तर फार आशावादी असतो किंवा पैशाची घाई झालेला.

माथ्यावर सिमेंटचा थापा देण्याऐवजी माती आणि गवताची टोपी बसवणं चांगलं. ७५ ते १०० मिमी चिकणसर माती आणि वर गवताची चादर. पाऊस ती शोषते, हळूहळू सोडते, आणि थंडीत खालच्या चुन्याला पांघरूणही होतं. नैसर्गिक पडक्या इमारतीवर हे शोभून दिसतं, आणि फॉलीचा हेतूही तोच होता.

आयव्हीची वेल ओढून काढू नका. जाड खोड दरजेत शिरलेलं असेल तर वेलीबरोबर दगड येतो. बुंध्याशी कापा, वाळू द्या, आणि वरून खाली तुकड्यातुकड्याने काढून लगेच त्या जागी चुना भरा.

प्रश्न: बागेतल्या गुहेत लटकणारे स्फटिक खरे असतात का? आणि ते पडतात का?

स्फटिक खरे, लटकणं बनावट. पेन्सहिलच्याच गुहेत छताला लाकडी फळ्यांचे उलटे शंकू ठोकलेत. त्यांच्यावर लाकडी पट्ट्या आणि चुन्याचा गिलावा, आणि गिलावा ओला असताना त्यात जिप्सम, कॅल्साइट, क्वार्ट्‌झ, फ्लोराइट यांचे तुकडे दाबलेले. टिसबरीच्या जोसेफ लेन याने ती गुहा केली. विसाव्या शतकात ती मोडकळीला आली होती. मोठ्या जीर्णोद्धारानंतर २०१३ पासून मुख्य दालन पुन्हा पाहता येतं.

पडण्याची सुरुवात छतापासून होते. वरून गळती झाली की आधी खिळे गंजतात, मग पट्ट्या कुजतात, आणि शेवटी शंकूच्या शंकू खाली येतो. खाली पडलेले स्फटिक पाहून तेच परत चिकटवणं म्हणजे रोग सोडून लक्षणाला औषध. आधी छत, मग लाकूड, मग स्फटिक. नवे खिळे तांब्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचे.

जिप्समची दोन पथ्यं आहेत. ते पाण्यात थोडं विरघळतं, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. त्यामुळे धुवायचं नाही, मऊ ब्रशने धूळ झाडायची. आणि त्याला सिमेंट लावायचं नाही. ओल असली की जिप्सममधलं सल्फेट सिमेंटशी संयोग पावतं, नवा पदार्थ फुगतो आणि चिकटवलेला तुकडा स्वतःच ढकलून देतो. केस मिसळलेला चुन्याचा गिलावाच वापरावा. हिवाळ्यात गुहा पूर्ण बंद करून ठेवू नये. वारा खेळता नसला की भिंतींवर पाणी धरतं.

प्रश्न: स्कॉटलंडमधल्या दगडी अननसाचं चित्र पाहिलं. थंडीत तो फुटत कसा नाही?

डनमोर इथला, अठराव्या शतकातला. त्याच्या प्रत्येक दगडी पानाला पाण्याचा निचरा वेगळा आहे, आणि पानांच्या कडांना असा ढाळ दिलाय की पाणी कुठेही थांबत नाही. थांबलं नाही म्हणून गोठलं नाही, आणि गोठलं नाही म्हणून फुटलं नाही.

प्रश्न: बागेतले पुतळे कशाचे असतात? काही दोनशे वर्षांनीही कोरीव दिसतात, काही घोट्यात वाकलेले असतात.

कोरीव राहिलेले बहुधा कोड स्टोनचे. तो दगड नाही, भाजलेली माती आहे. १७६९ पासून एलेनर कोड या बाईंनी लंडनच्या लॅम्बेथमधल्या कारखान्यात तो बनवला. साधारण ६० ते ७० टक्के बॉल क्ले (बारीक, चिकट माती), ५ ते १० टक्के आधीच भाजलेल्या मातीची पूड, तेवढीच कुटलेली गारगोटी, तेवढीच बारीक वाळू, आणि सुमारे १० टक्के काचेची पूड. साच्यात घालून ११०० अंशांच्या आसपास चार दिवस भाजायचं. आधी भाजलेल्या पुडीमुळे आक्रसणं ८ टक्क्यांवर राहायचं, म्हणून मोठे पुतळेही तडे न जाता निघत. काचेमुळे कण एकमेकांना धरून बसत.

ओळखायचं कसं? बैठकीच्या मागे ‘कोड’ आणि ‘लॅम्बेथ’ असा शिक्का शोधा. साच्याच्या सांध्याची बारीक रेघ काखेत किंवा वस्त्राच्या चुणीत सापडते. बोटाने टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. दोष असतो तो आतल्या लोखंडी सळ्यांत. गंजलं की लोखंड फुगतं आणि हात, मान, बैठकीचा कोपरा फोडतं. तड्याच्या कडेला तपकिरी डाग दिसला तर वरून भरून उपयोग नाही. सळी काढून स्टेनलेसची घालावी लागते. वाळूच्या फवाऱ्याने तर मुळीच साफ करू नये. भट्टीत तयार झालेली वरची कठीण त्वचा एकदा गेली की खालचा भाग पाणी पितो.

वाकलेले पुतळे शिशाचे. शिसं ३२७ अंशांना वितळतं, म्हणजे साध्या हवेतही ते त्याच्या वितळण्यापासून फार लांब नसतं, आणि स्वतःच्या वजनाखाली वर्षानुवर्षं हळूहळू सरकतं. म्हणून पुतळा आतून पोकळ ओतून लोखंडी सांगाड्यावर उभा करत. सांगाडा गंजला की भार पातळ शिशावर येतो आणि घोटा किंवा गुडघा सुरकुततो. घोट्याजवळ आडव्या सुरकुत्या दिसल्या की पुतळ्याला तात्पुरता आधार द्या. वाकलेला पाय हाताने सरळ करू नका, तडकतो. तळाशी पाणी जायला भोक आहे का तेही पाहा. ते बुजलं की आत पाणी साठून गोठतं. ओक वृक्षाखाली शिशाचा पुतळा ठेवू नये. पानांतून टपकणारं आम्ल शिसं खातं.

हे पुतळे मुळात रंगवलेले असत. दगडासारखे पांढरट, किंवा माणसासारखे रंगीत. मेंढपाळ लाल गालांचा असला तर मालकाला आनंदच व्हायचा. आज आपल्याला राखाडी शिसं ‘खानदानी’ वाटतं. तारेच्या ब्रशने तो रंग खरवडणाऱ्याने पुरावा पुसला आणि शिशाची विषारी धूळही अंगावर घेतली.

प्रश्न: लेव्हन्स हॉलच्या कापून आकार दिलेल्या झाडांना किती काम लागतं? आणि बॉक्सवूडच्या कुंपणांना लागलेला रोग कोणता?

कंब्रियातल्या लेव्हन्समध्ये शंभराहून जास्त आकार आहेत. मांडणी गियोम बोमाँ याची, १६९०च्या दशकातली. मोठे आकार यू या सूचिपर्णी झाडाचे. यू वर्षातून एकदा, ऑगस्ट-सप्टेंबरात कापतात, म्हणजे फूट येऊन ती हिवाळ्याआधी टणक होते. कुंपण वरून अरुंद, खाली रुंद ठेवायचं. उलट झालं की खालच्या भागाला ऊन मिळत नाही आणि तो उघडा पडतो. फुगून आकार हरवलेल्या यूची एक बाजू थेट जुन्या खोडापर्यंत छाटता येते. यू जुन्या लाकडातून फुटते, बाकीच्या बहुतेक सूचिपर्णींना हे जमत नाही. पण दुसऱ्या बाजूला हात लावायचा तो पहिली बाजू नीट भरल्यावरच, एक-दोन वर्षांनी. यूला साचलेलं पाणी चालत नाही, मुळं कुजतात. कापलेल्या फांद्या कुरणात टाकायच्या नाहीत. वाळल्यावरही त्या गुरांना मारतात.

बॉक्सवूडचा रोग बुरशीचा, बॉक्स ब्लाइट. १९९०च्या दशकापासून तो ब्रिटनमध्ये आहे. पानांवर तपकिरी डाग, कोवळ्या काड्यांवर काळ्या उभ्या रेघा, आणि मग पानं झडून टक्कल. पानं काही तास सलग ओली राहिली की बीजाणू रुजतात. त्यामुळे दाट, चौकोनी कापलेलं कुंपण आणि वरून फवारा, ही जोडी रोगाला आमंत्रण. कोरड्या दिवशी, दव वाळल्यावरच कापा. एका वाफ्यातून दुसऱ्यात जाण्याआधी कात्री निर्जंतुक करा. गळलेली पानं वेचून नष्ट करा, त्यांत बुरशी वर्षानुवर्षं जगते. जाळी, विष्ठेचे हिरवट दाणे आणि कुरतडलेली पानं दिसली तर मात्र ती अळी आहे, बुरशी नाही. तिचा इलाज वेगळा. अनेक इस्टेटींनी बॉक्सच्या जागी जपानी होली लावली. दिसायला जवळची, पण तिला आम्लधर्मी आणि निचऱ्याची जमीन लागते. चुनखडीच्या जमिनीत ती पिवळी पडते.

प्रश्न: आपल्याच बागेतला शिशाचा कलश मालकाने विकला तर सरकारचं काय जातं?

हा वाद थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वॉरिकशरमधल्या एका हवेलीसमोर दगडी खांबांवर शिल्पकार जॉन व्हॅन नोस्टचे शिशाचे दोन कलश होते. कलश आणि खांब स्वतंत्रपणे संरक्षित यादीत नोंदलेले होते. २००९ साली ते लिलावात ५५,००० पौंडांना गेले आणि देशाबाहेर नेले गेले. पालिकेने परत बसवायला सांगितलं. पण कुटुंबाने घरं बदलली तेव्हा हे कलशही त्यांच्याबरोबर एका इस्टेटीतून दुसरीत फिरले होते. मग ती ‘इमारत’ कशी?

२०२० च्या निकालात न्यायालय म्हणालं की नुसतं यादीत नाव असणं पुरेसं नाही. ती वस्तू मुळात इमारत आहे का हे तपासायला हवं. त्याचे निकष तीन: आकार, कायमपणा, आणि जमिनीला किती जखडलेली आहे. प्रकरण नव्याने तपासायला परत पाठवलं.

व्यवहारात याचा अर्थ असा नाही की वाटेल ते विकावं. यादीतल्या इमारतीला परवानगीशिवाय हात लावणं इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे. इमारतीच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीपासून असलेली बांधकामंही सहसा तिच्याबरोबर संरक्षित धरतात. हा-हाची भिंत आणि पायऱ्यांचे कठडे अशाच वाटेने संरक्षणात येतात. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेची ऐतिहासिक बागांची नोंदवही वेगळी. तिच्यात नाव आल्याने वेगळी परवानगी लागत नाही, पण नियोजनाचा निर्णय घेताना ती विचारात घ्यावी लागते. हलवण्याआधी पालिकेच्या संवर्धन अधिकाऱ्याला लेखी विचारा. वस्तूचे मापासकट फोटो आणि बसवलेल्या सांध्याचा जवळून काढलेला फोटो पत्राला जोडा.

प्रश्न: बागेतलं सूर्यघड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ जुळत नाही. बिघाड कशात?

बहुधा कशातच नाही. ऑक्सफर्डजवळच्या एखाद्या इस्टेटीचं उदाहरण घ्या. ती ग्रिनिचच्या पश्चिमेला सव्वा अंशाच्या आसपास. दर अंशाला ४ मिनिटं, म्हणून तिथला सूर्य कायमच ५ मिनिटं मागे. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये रात्री १०१ घंटा अजूनही ९ वाजून ५ मिनिटांनी वाजतात, त्याचं कारण हेच. त्यात सूर्याची स्वतःची चाल मिसळते. ११ फेब्रुवारीच्या सुमाराला तो १४ मिनिटं मागे, ३ नोव्हेंबरच्या सुमाराला १६ मिनिटं पुढे. म्हणजे फेब्रुवारीत घड्याळ १९ मिनिटं मागे दिसेल, नोव्हेंबरात ११ मिनिटं पुढे. उन्हाळी वेळ चालू असेल तर आणखी एक तास मिळवा.

यापेक्षा जास्त फरक येत असेल तर कोनमापक घेऊन छाया पाडणाऱ्या तिरक्या कडेचा कोन मोजा. तो त्या जागेच्या अक्षांशाएवढा हवा, लंडनला साडेएक्कावन्न, एडिंबराला छप्पन्न. शोभेसाठी ओतलेल्या नकलांमध्ये हा कोन कितीही असतो, आणि ते घड्याळ कुठेच बरोबर चालत नाही. कोन बरोबर असेल तर तबकडी समपातळीत आहे का ते पाहा. मग १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर किंवा २५ डिसेंबरच्या आसपास ती फिरवून बसवा. या चार दिवसांत सूर्याचा स्वतःचा फरक शून्याजवळ असतो आणि फक्त रेखांशाची मिनिटं धरावी लागतात. होकायंत्राच्या भरवशावर बसवू नका. चुंबकीय उत्तर वेगळी असते, आणि खांबात लोखंडी सळी असेल तर सुई तिच्याकडेच वळते.